खालून पाहिलेलं घर

१

माणसाच्या डोक्यात पाणी असतं, असं भिंगरीने कुणाला सांगितलं की समोरचा हमखास हसायचा आणि म्हणायचा, आमच्या साहेबांच्या डोक्यात तर नुसतं पाणीच आहे. हा विनोद तिने इतक्या वेळा ऐकला होता की आता ती समोरच्याच्या आधीच हसून मोकळी व्हायची. पण पाणी असतं ते खरंच. मेंदूच्या मधोमध पोकळ्या असतात, एकीतून दुसरीत जायला चिंचोळ्या वाटा असतात, आणि त्या सगळ्यांत नितळ पाणी भरलेलं असतं. ते वाढलं की मेंदू दबतो. माणूस पाय घासत चालायला लागतो, विसरायला लागतो. मग डोक्याला बारीक भोक पाडून नळी घालतात आणि जादाचं पाणी पोटात सोडून देतात. नळी कुठून, किती आत घालायची हे ठरवायला सर्जनला त्या पोकळीचा नेमका आकार लागतो. तो काढून देणं हे भिंगरीचं काम होतं.

काम तसं सोपं, आणि तसं डोळे फोडणारं. स्कॅनमध्ये डोक्याचे पावासारखे पातळ काप केलेले असतात. एकेक काप पडद्यावर घ्यायचा आणि काळ्या पोकळीची कड पेनने गिरवायची. मधले काही काप सोडले तरी चालतं, ते सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढतं. सगळं गिरवून झालं की काप एकमेकांवर रचले जातात आणि पोकळी एखाद्या वस्तूसारखी पडद्यावर गरगर फिरायला लागते. शेवटी दाबायचा झाडू. त्या बटणाचं खरं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला झाडूच म्हणत. इकडेतिकडे सुटे पडलेले ठिपके तो एका फटक्यात काढून टाकायचा. ज्याचा कशाशी संबंध नाही तो कचरा, असं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवलं जायचं.

भिंगरी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला ऑफिसात कोण भिंगरी म्हणणार? लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून आईने ठेवलेलं नाव ते. बाबा गेले, दादा दुसऱ्या शहरात संसाराला लागला आणि तिला सभ्यपणे नावाने हाक मारायला लागला. भिंगरी म्हणणारं एकच माणूस उरलं, आणि तेही आता कधी ओळखायचं, कधी टक लावून बघत राहायचं. आईच्या डोक्यात पाणी वाढलं होतं. नळी घातली तर ती पुन्हा चालेल, पुन्हा ओळखेल, असं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आईने पुन्हा रोजच्यासारखं भिंगरी म्हणून हाक मारावी, यापलीकडे तिला देवाकडे काही मागायचं नव्हतं.

२

स्कॅनवर नाव कधीच नसतं, नुसता आकडा असतो. पण आईला त्या यंत्रात झोपवून, तिच्या चपला मांडीवर घेऊन भिंगरी स्वतः बाहेर बाकावर बसली होती. आकडा तिला पाठ होता.

घरच्या माणसाचं काम आपण करायचं नाही, असा तिथला नियम. तिचे वरिष्ठ एका ठिपक्यावरून अर्धा अर्धा तास वाद घालायचे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना बारीकराव म्हणत. ते म्हणाले, हे दुसऱ्या कुणाला तरी देऊ. भिंगरीने साफ नाही म्हटलं. आईचं डोकं मी परक्याच्या हातात देणार नाही, म्हणाली. बारीकराव जरा वेळ चष्मा पुसत बसले.

"नियम उगाच नाही केलेला, बाई," ते म्हणाले. "आपल्या माणसाचं गिरवताना हात आपल्याला हवं ते गिरवतो."

ती म्हणाली, माझा हात इतक्या वर्षांत कधी चळला नाही. ते खरंच होतं, त्यामुळे काम तिच्याकडेच राहिलं.

सकाळभर तिने गिरवलं. दुपारी काप रचले आणि आकार फिरवून पाहिला. अशा पोकळ्या तिने शेकड्यांनी पाहिल्या होत्या. पाठीला पाठ लावलेल्या दोन शिंगांसारख्या असतात, आणि सगळीकडून गोलसर. आईच्या फुगलेल्या होत्या, ते अपेक्षितच होतं. पण एका बाजूला कोपरा होता, भिंतीला भिंत मिळते तसा काटकोनातला.

पाण्याला कोपरे नसतात. तिला वाटलं, हात हलला असेल. तिने तेवढे काप पुसून पुन्हा गिरवले. कोपरा तिथेच होता. मग तिला वरचं छत दिसलं, एका अंगाला उतरत गेलेलं. त्याच्याखाली लांबट खोली, खोलीच्या कडेला शेगडीपुरता कोनाडा. कोनाड्याशेजारून वर चढणाऱ्या पायऱ्या, आणि पलीकडच्या टोकाला एक अरुंद बोळ, अर्ध्यात बुजलेला.

भिंगरीने पेन खाली ठेवलं. हे घर तिने पाहिलं होतं. ती त्यात वाढली होती.

एका थिएटरच्या पडद्यामागे अडीच खोल्या होत्या. बाबा तिथे सिनेमाचं यंत्र चालवायचे, म्हणून मालकाने राहायला दिलेल्या. छत प्रेक्षागृहाच्या उताराबरोबर उतरलेलं, म्हणून पाहुण्यांना एका अंगाला वाकून बसावं लागायचं, आणि बाबा म्हणायचे, आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस नम्रच असतो. पायऱ्या चढून गेलं की थेट पडद्याची मागची बाजू. थिएटर पाडून कितीतरी वर्षं झाली. आता तिथे गाड्या उभ्या करतात.

मग तिच्या लक्षात आलं की कोनाडा उजवीकडे आहे. आत शिरल्यावर त्यांचा कोनाडा डाव्या हाताला होता, आणि बोळही त्याच अंगाला. इथे सगळं उलट होतं. तिला इतकं हायसं वाटलं की ती एकटीच मोठ्याने हसली. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तसं आपलं झालं, असं म्हणून तिने झाडू दाबला आणि काम पाठवून दिलं.

३

घरी आली तेव्हा आई खिडकीपाशी खुर्चीत होती. रुमालाची घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची, असं चाललं होतं.

त्या दिवशी ओळखलं नाही. मला घरी सोडा, खेळ सुटायची वेळ झाली, म्हणाली. भिंगरीला आता याची सवय झाली होती. पूर्वी ती समजावत बसायची की आई, हेच आपलं घर, ही बघ तुझी खोली. त्यावर आई रडायची. मग तिने नाद सोडला. आता ती आईबरोबर त्या घरी जायची. शेगडी कुठे आहे, पातेली कुठे, असं विचारायची, आणि आई खुलून सांगत सुटायची. खरं सांगायचं तर भिंगरीलाही ते आवडायचं. दिवसातला तोच एक तास तिला आई मिळायची.

आई सांगत होती की पोरीला आत बसवलंय. बोळाच्या टोकाला पोस्टरची खोली होती, तंबूसारखी, मधेच काय ते उभं राहता येईल अशी. एकदा खेळ चालू असताना भिंगरी पायऱ्या चढून पडद्यामागे नाचली होती आणि तिची सावली पडद्यावर पडली. तिकडे नायिका हंबरडा फोडून रडतेय आणि तिच्या पदरावर दोन वेण्या उड्या मारतायत. थिएटर हसून लोटपोट झालं, मालक संतापला, बाबांची नोकरी जाता जाता राहिली. तेव्हापासून खेळ सुरू झाला की आई तिला मूठभर शेंगदाणे देऊन पोस्टरच्या खोलीत बसवायची आणि बाहेरून कडी लावायची.

ऐकणाऱ्याला हे क्रूर वाटेल, पण भिंगरीच्या लेखी त्या खोलीसारखी जागा जगात नव्हती. पोस्टर चिकटवायच्या खळीचा आंबूस वास, गुंडाळ्यांची उतरंड, भिंतीतून येणारं गाण्याचं घुमणं. ती गुंडाळ्यांवर झोपून जायची. खेळ सुटला की कडी वाजायची, दारात आई उभी असायची, मागून उजेड यायचा, आणि आई म्हणायची, भिंगरे, चल. इतकं सुख पुन्हा कधी कशात मिळालं नाही, असं तिला मोठेपणी नेहमी वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी मात्र बाबा तिला पडद्यामागे बसून सिनेमा पाहू द्यायचे. मागून सगळं उलटं दिसतं. नायक डाव्या हाताने मारामारी करायचा आणि पाट्यांवरची अक्षरं पाठमोरी असायची. भिंगरी आधी उलटी अक्षरं वाचायला शिकली आणि मग शाळेत जाऊन सुलटी. मास्तरांनी बाबांना बोलावून विचारलं होतं की मुलीच्या डोक्यात काही बिघाड आहे का.

हे आठवून तिला हसू आलं. आईसाठी दूध तापत होतं, ती ओट्यापाशी उभी होती. आणि तिथेच तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

डोक्याचे काप वरून पाहिलेले नसतात. रोगी उताणा झोपलेला आणि आपण त्याच्या पायांपाशी उभे, असं धरून ते दाखवतात. म्हणजे खालून वर. या धंद्यातली ती पहिली गोष्ट, रोग्याचा डावा हात तो पडद्यावर उजवा. घराचा नकाशा मात्र माणूस मनातल्या मनात वरूनच पाहतो. जमिनीखालून पाहिलं तर कोणत्याही घराचा कोनाडा दुसऱ्या हातालाच दिसणार.

दूध उतू गेलं. तिने ते पुसलं, पातेलं घासलं, आईला पेलाभर दिलं.

४

दुसऱ्या दिवशी तिने आकार उलटा करून पाहिला. सगळं जिथल्या तिथे होतं. तिसरी पायरी एका कडेला झिजलेली होती. बाबा तिथे बसून चप्पल घालायचे.

तिने बारीकरावांना बोलावलं. घराबिराचं काही बोलली नाही, नुसतं म्हणाली, जरा बघता का. त्यांनी आकार चारी बाजूंनी फिरवला, कापांशी ताडून पाहिला. कड अगदी बरोबर आहे, म्हणाले. तो कोपरा जरा विचित्र आहे, पण माणसागणिक फरक असतो. ही वाट मात्र बुजलीय, पुढच्या पोकळीत पाणी जातच नाहीये, तेच तर दुखणं आहे. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ढगात घोडे दिसतात माणसाला, ते म्हणाले, त्यात वावगं काही नाही, पण तुम्ही चार दिवस रजा घ्या.

तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा हवं तर. आपण रोज आईबरोबर त्या घरी जातो, तेच हातात उतरलं, असं तिने स्वतःला सांगितलं. बारीकरावांनी आधीच बजावलं होतं. पण कड बरोबर आहे असंही त्यांनीच सांगितलं होतं, आणि हे दोन्ही एका वेळी खरं कसं, या प्रश्नापाशी आली की ती दुसरं काहीतरी काम काढायची.

संध्याकाळी आई दमलेली दिसली. धाप लागली होती, दंड चोळत होती. दिवसभर खुर्चीतून उठली नव्हती, तरी. काय झालं विचारलं तर म्हणाली, बोळ मोकळा करतेय. त्या मेल्या गुंडाळ्या टाकून टाकून वाटच बुजवलीय कुणीतरी. पोरगी पलीकडे आहे, मला जाता येत नाही.

भिंगरी म्हणाली, राहू दे, उद्या कर. तिने आईचे हात हातात घेतले. बोटांना आंबूस वास येत होता. तिने हात नाकाशी नेले, आणि तिला कळलं की हा खळीचा वास आहे. घरात खळ नव्हती, कागद नव्हते, साधा गोंदही नव्हता. कुठलं तरी औषध सांडलं असेल, असं तिने ठरवलं. साबणाने आईचे हात स्वच्छ धुतले. वास काही लगेच गेला नाही.

पुढचे कितीतरी दिवस आई रोज थोडा थोडा बोळ उपसत होती.

५

शस्त्रक्रिया लांबली होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी नवा स्कॅन मागवला. त्याच दिवशी आकार हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला आत घेणार होत्या.

दुपारची वेळ होती. सगळे जेवायला गेले होते, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढत होतं. भिंगरी गिरवत बसली. लांबट खोली आली, कोनाडा आला, पायऱ्या आल्या. या खेपेला तिला भीती वाटेना. उलट, खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं. कितीतरी वर्षांनी ती त्या भिंतींवरून हात फिरवत होती.

मग बोळ आला. तो मोकळा होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बुजलेली वाट आपली आपण उघडली असं तिने नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. बोळाच्या पलीकडे छोटी पोकळी, तंबूसारखी, मधे उंच. ती सगळ्यांच्याच डोक्यात असते आणि सगळ्यांचीच तंबूसारखी असते, असं ती स्वतःला सांगत होती. सांगता सांगता तिने काप रचले.

पोस्टरच्या खोलीत काहीतरी सुटं होतं. तांदळाच्या दाण्याहून लहान. कापांत पाहिलं तर नुसते करडे ठिपके, असे ढीगभर असतात, त्यांना कुणी विचारत नाही. पण रचल्यावर ते ठिपके एकावर एक उभे राहिले होते. खाली जरा रुंद, वर गोल, आणि एका अंगाने निघालेली बारीक रेघ भिंतीच्या जवळपर्यंत गेलेली, हात उंच करून दार चाचपावं तशी.

तिने मोठं करून पाहिलं, तर नुसते चौकोन. लहान केलं, तर पुन्हा ते. गोल भागाला दोन्ही बाजूंना काहीतरी लोंबत होतं. वेण्या असाव्यात, किंवा नसाव्यात. ती पाहत असतानाच तिला वाटलं की तो गोल भाग मघाशी दाराकडे होता, आता वाकलाय. खाली पाहतोय, जमिनीकडे. आणि जमिनीच्या खालून तर तीच पाहत होती.

भिंगरीने डोळे मिटले. वर खुर्ची ओढण्याचा आवाज थांबला होता.

फोन वाजला. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, झालं का. तिने हो म्हटलं. हा ठिपका तसाच पाठवला तर त्या थांबतील. गाठ आहे का म्हणतील, आणखी तपासण्या, आणखी आठवडे. आईकडे तेवढे आठवडे नव्हते, परवाच ती दोनदा पडली होती. हे सगळं कारण म्हणून खरं होतं. पण त्याहून खरं हे, की ते जे काही होतं त्याने पुन्हा मान हलवलेली तिला पाहायची नव्हती.

ज्याचा कशाशी संबंध नाही तो कचरा. तिने झाडू दाबला आणि खोली रिकामी झाली. मग हात चालूच होता म्हणून तिने कोपरेही घासून गोल केले, आणि आकार पाठवून दिला. सुटले बाई एकदाची, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल स्वतःचा रागही आला.

६

नळी पहिल्या खेपेला बसली. इतका सुबक आकार मला कुणी दिला नव्हता, असं डॉक्टरीणबाई मुद्दाम येऊन सांगून गेल्या.

आई सुधारली. सुधारली कसली, पार पालटली. आठवड्याभरात ती भिंतीला न धरता चालायला लागली. दादा भेटायला आला, तर त्याला बघताक्षणी म्हणाली, किती वाळलास रे, बायको जेवू घालत नाही का. दादा ओक्साबोक्शी रडला. सुनेचं नाव, नातवाची इयत्ता, शेजारणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं तिला मुखोद्गत. बारीकराव फळं घेऊन आले, तर त्यांना एकदाच कधीतरी पाहिलेलं, तेही आठवलं.

भिंगरी आत आली की आई पदर सारखा करायची आणि म्हणायची, या ना, बसा.

पहिल्यांदा सगळे हसले. दादा म्हणाला, अगं आई, ही आपली भिंगरी. आईही हसली, आपण परक्याच्या विनोदाला हसतो तशी.

"भिंगरी एवढी मोठी कशी असेल रे?" ती म्हणाली.

हळूहळू येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दादा म्हणाला, तू रोज समोर असतेस ना, म्हणून. भिंगरीने मान डोलावली. ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली. सगळं परत आलं होतं. नेमकं तिचंच तेवढं आलं नव्हतं.

महिन्याने तपासणीचा स्कॅन झाला. या वेळी तिने कुणाची परवानगी विचारली नाही. सगळे गेल्यावर नव्हे, भर सकाळी, सगळ्यांसमोर बसून तिने काप उघडले. पोकळ्या आकसल्या होत्या, जशा असायला हव्यात तशा, सगळीकडून गोल. खोली नव्हती, कोनाडा नव्हता, पायऱ्यांची जागा सपाट होती. तिने बोळ शोधला. तो पुरता मिटला होता, आणि मिटलेल्या बोळाच्या पलीकडे ती एवढीशी तंबूसारखी पोकळी तेवढी तशीच उरली होती, कोपऱ्यांसकट. आत कुणी आहे का, हे पाहायला तिने पुढचा काप उघडायला हवा होता. तिने पेन खाली ठेवलं. बारीकराव जाताजाता म्हणाले, झकास आलाय निकाल, आता पार्टी द्या.

७

दादा परत गेला. घरात दोघीच उरल्या.

त्या दिवशी भिंगरीने चहा केला आणि दोघी खिडकीपाशी बसल्या. आईने कप घेताना तिच्या हातावर हात ठेवला. तुम्ही माझं फार करता हो, म्हणाली, तुमच्या आईचं नशीब थोर. भिंगरीने ते गिळलं. मग एकदम तिला वाटलं, आपलं नाव निदान ऐकू तरी. तिने विचारलं, तुम्हाला मुलगी आहे ना, सांगा की तिच्याबद्दल.

आईचा चेहरा असा उजळला की भिंगरीला पाहवेना. मग आई सांगत सुटली. भिंगरीने कपात बोट बुडवून कसं पोळवून घेतलं, बाबांच्या टोपीत मांजराची पिल्लं कशी निजवली, पडद्यावर तिच्या वेण्या कशा नाचल्या. मास्तर काय म्हणाले तेही सांगितलं. भिंगरी हसत होती, मधे मधे 'हो का' म्हणत होती. आईच्या तोंडून आपलं बालपण ऐकताना तिला घटकाभर वाटलंसुद्धा, की असंच चालू राहू दे, तुम्ही तर तुम्ही.

"आता कुठे असते ती?" तिने विचारलं.

"तिथेच," आई म्हणाली. "खेळ सुरू झाला म्हणून आत बसवली, कडी लावली. बोळ मोकळा करून ठेवला होता मी, की सुटला खेळ की लगेच जाता येईल. तर मला इकडेच घेऊन आले सगळे."

"मग कडी कुणी काढली?"

"कोण काढणार? मी इथे."

आईने कप खाली ठेवला. आधी डोक्यात सारखं पाणी भरून राहिलेलं असायचं, ती म्हणाली, काही धड ऐकू यायचं नाही. आता कसं मोकळं झालंय. आता नीट येतं ऐकू.

काय ऐकू येतं, ते भिंगरीला विचारायचं नव्हतं. ती खुर्चीतून उठून आईच्या पायाशी बसली. आईचे दोन्ही गुडघे तिने घट्ट धरले.

"आई," ती म्हणाली. "आई, बघ ना माझ्याकडे. मी बाहेर आलेय गं. मी इथे आहे, तुझ्यासमोर. मीच भिंगरी."

आईची मान एका अंगाला कलली होती. तिने भिंगरीकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसता हात पुढे केला आणि अगदी हलकेच, एखाद्या शहाण्या बाईने पाहुणीला करावं तसं, तिचं तोंड झाकलं.

"जरा थांबा हो," ती म्हणाली. "ती काय म्हणतेय, मला ऐकू द्या."